चौदा आठवड्यांचा मुलगा, सव्वापाच वर्षांची मुलगी आणि एकच बुधवार

कृष्णाकाठचा (प्रश्न)

नमस्कार. आमच्या दोन्ही मुलांच्या लसी येत्या बुधवारी एकत्र आल्या आहेत आणि त्यावरून घरात सुरू झालेली चर्चा काही केल्या संपत नाही, म्हणून येथे विचारतो आहे.

धाकटा मुलगा बुधवारी चौदा आठवड्यांचा होईल. मोठी मुलगी सव्वापाच वर्षांची असून तिचा त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) लशीचा दुसरा बूस्टर राहून गेला आहे. शाळेने कार्डाची प्रत मागितली तेव्हा हे आमच्या लक्षात आले. धाकट्याचा जन्म पत्नीच्या माहेरी, कराडजवळच्या एका गावी झाला आणि आतापर्यंतचे त्याचे सर्व डोस तिथल्या उपकेंद्रात झाले. आता आम्ही पुण्यात परतलो आहोत. महापालिकेच्या जवळच्या दवाखान्यात बुधवारी लसीकरण असते.

अडचणी अशा आहेत. चौदाव्या आठवड्याला तीन इंजेक्शने असतात असे दवाखान्यात सांगितले. मोठीच्या वेळी याच वयाला दोनच होती, हे मला पक्के आठवते, कारण दोन्ही वेळा तिला मीच धरले होते. माझ्या आईचे म्हणणे असे की, एवढ्या कोवळ्या जिवाला एका दिवशी तीन सुया टोचू नयेत, एक आता घ्यावी आणि बाकीच्या पुढच्या महिन्यात पाहाव्यात. त्यातच बाळाला दोन दिवसांपासून थोडी सर्दी आहे, ताप नाही. मेहुणे म्हणतात की, खाजगी दवाखान्यात जाऊन न दुखणारी लस घ्या आणि मोकळे व्हा.

मोठीची गोष्ट वेगळी आहे. मागच्या वर्षी तिचे रक्त तपासायचे होते तेव्हा आम्ही तिला ‘डॉक्टर फक्त पोट बघणार आहेत’ असे सांगून नेले. तेव्हापासून दवाखान्याची पायरी दिसली की ती खांबाला मिठी मारते. तिला बुधवारचे सांगावे की सांगू नये, दोघांना एकाच दिवशी न्यावे की वेगवेगळे, आणि आजी-आजोबा दोघेही बरोबर येतो म्हणतात तर त्यांना न्यावे का? कराडचे कार्ड पुण्यात चालेल का, हाही एक प्रश्न आहेच.

रानजाई

मी सातारा जिल्ह्यात अठ्ठावीस वर्षे आरोग्यसेविका होते, आता निवृत्त आहे. आपल्या प्रश्नांपैकी निम्मे माझ्यासमोर दर सत्राला उभे राहत, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

आपली आठवण बरोबर आहे. मोठीच्या वेळी या वयाला पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस) आणि त्वचेत द्यायची पोलिओची अंशमात्रा अशी दोनच इंजेक्शने होती. न्यूमोनियापासून संरक्षण देणारी पीसीव्ही ही लस शासकीय वेळापत्रकात 2017 पासून मोजक्या राज्यांत आणि 2021 पासून देशभर आली. ती सहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि पुन्हा नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. म्हणजे तिसरी सुई कोणी उगीच वाढवलेली नाही. जी लस पूर्वी खाजगी दवाखान्यात काही हजार रुपये मोजून घ्यावी लागे, ती आता सर्वांना मोफत मिळते.

तिन्ही सुयांची जागा वेगळी असते. पेंटाव्हॅलंट डाव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला, पीसीव्ही उजव्या मांडीत आणि पोलिओची सुई उजव्या दंडावर, अगदी कातडीच्या वरच्या थरात. ती दिल्यावर डासाने चावल्यासारखी बारीक गाठ उठते आणि थोड्या वेळात बसते. मांडीची जागा का, असे बऱ्याच आया विचारत. या वयात दंडाचा स्नायू फार लहान असतो आणि कुल्ल्यात टोचले तर तिथून जाणाऱ्या मोठ्या मज्जातंतूला इजा होण्याची भीती असते, म्हणून मांडी. तीन लसी एकत्र दिल्याने बाळाच्या शरीरावर भार पडतो ही समजूत खरी नाही. अंगणात रांगणारे मूल एका दिवसात याहून कितीतरी अधिक जंतूंना सामोरे जाते. उलट सुया वेगवेगळ्या महिन्यांत वाटल्या तर बाळ तीन वेळा रडते, आई तीन वेळा रजा काढते आणि तिसरी खेप बहुधा राहूनच जाते. माझ्या नोंदवहीतले राहिलेले डोस बहुतेक असेच राहिलेले असत, विरोधामुळे नव्हे.

सर्दीने लस थांबवायची नसते. खूप ताप आहे, मूल निपचित पडले आहे, रुग्णालयात दाखल करावे अशी अवस्था आहे, तर थांबावे. नाक वाहते आहे, थोडी शी पातळ होते आहे, एवढ्यावरून परत पाठवणारा कोणी भेटला तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारावे.

आता मोठीचे. तिचा डोस राहिलेला नाही. दुसरा बूस्टर पाच ते सहा वर्षे या वयातच द्यायचा असतो, तेव्हा ती वेळेत आहे. तो डाव्या दंडावर देतात. एक-दोन दिवस हात दुखतो, क्वचित सूज येते.

बुधवारी दवाखान्यात आधी पोलिओचे दोन थेंब आणि रोटाव्हायरसचा डोस पाजतील आणि मग सुया देतील. हा क्रम उलटा झाला तर रडणारे मूल डोस गिळत नाही, तोंडातून बाहेर टाकते. अंगावर पाजायला कोणतीही आडकाठी नाही; सुई देताना आईने बाळाला छातीशी घेऊन पाजले तर त्याला दुखणे कमी जाणवते. त्यानंतर अर्धा तास तिथेच बसावे. हा अर्धा तास चुकवून रिक्षा पकडणारे पालक मी फार पाहिले. गंभीर ॲलर्जी अत्यंत दुर्मिळ असते, पण झाली तर ती बहुधा याच वेळात होते आणि तिचे औषध त्या टेबलावर असते, रिक्षात नसते.

घरी आल्यावर सुईच्या जागी हळद, चुना, बर्फ, शेक असे काही करू नये. फार लाल दिसले तर स्वच्छ थंड पाण्यात भिजवलेले फडके हलकेच ठेवावे. मालिश करणाऱ्या बाई येत असतील तर त्यांना एक-दोन दिवस मांड्या चोळू नका असे आधीच सांगावे, कारण त्यांचा हात सवयीने तिथेच जातो. अंघोळ घातली तर चालते. मांडीत छोटी कडक गाठ राहिली तर ती काही आठवड्यांत आपोआप विरते. पेंटाव्हॅलंटनंतर त्या रात्री ताप येणे नेहमीचे आहे आणि तो एक-दोन दिवसांत उतरतो. पॅरासिटामॉल ताप आल्यावर आणि बाळाच्या वजनानुसार सांगितले असेल तेवढेच द्यावे. येथे एक गोष्ट कळकळीने सांगते. बाळाचे ड्रॉप आणि मोठ्या मुलांचे सिरप यांची ताकद सारखी नसते, ड्रॉप कित्येक पट तीव्र असतात. दोन मुले असलेल्या घरात रात्री दोन वाजता झोपेत बाटल्यांची अदलाबदल होते. दोन्ही बाटल्या दोन वेगळ्या फळ्यांवर ठेवाव्यात.

मूल तीन तासांहून अधिक न थांबता किंचाळत राहिले, झटका आला, अंग ढिले पडले किंवा चेहरा सुजला, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

शेवटी, कोणत्या लसी दिल्या, त्यांचा काय त्रास होऊ शकतो, पुढची तारीख कोणती आणि कार्ड सांभाळून पुढच्या वेळी आणा, या चार गोष्टी प्रत्येक पालकाला सांगूनच पाठवायचे, असे आम्हाला शिकवलेले होते. गर्दीत कोणी सांगितले नाही तर आपण विचाराव्यात. त्यात संकोच करू नये.

पारिजात

मी ठाण्याला राहते, मला दोन मुलगे आहेत. लशींविषयी रानजाईताईंनी सर्व सांगितलेच आहे, मी फक्त मोठ्या मुलीविषयी लिहिते, कारण आम्हीही हीच चूक केली होती.

माझा थोरला चार वर्षांचा असताना त्याला ‘आपण बागेत चाललो आहोत’ असे सांगून लशीसाठी नेले. सुईचे दुखणे तो संध्याकाळपर्यंत विसरला. पण पुढे सहा महिने खरोखर बागेत जायचे असले तरी तो चप्पल घालायला तयार होत नसे. त्यावर माझ्या सासऱ्यांनी ‘रडलास तर डॉक्टर आणखी एक सुई देतील’ अशी भर घातली. तेव्हा ज्यांना बरोबर न्यायचे, त्यांच्याकडून आधी एवढे वचन घ्या की ही धमकी कोणी देणार नाही आणि ‘अजिबात दुखत नाही’ असेही कोणी म्हणणार नाही. दुखते हे मुलाला एका क्षणात कळते, आणि त्याबरोबर आपण खोटे बोललो हेही कळते.

तिला सांगाच. पण आठवडाभर आधी सांगू नका, नाहीतर ती आठवडाभर तेच दळण दळत बसेल. आम्ही आदल्या संध्याकाळी सांगतो. काय सांगायचे तेही ठरवून ठेवा: उद्या दंडावर एक सुई असेल, मुंगी चावल्याहून थोडे जास्त दुखेल, पाच मोजेपर्यंत संपेल, तू बाबांच्या मांडीवर बसशील आणि रडू आले तर रडायचे. मागच्या वेळी आम्ही तुला खरे सांगितले नव्हते, ते चुकले, असे स्पष्ट म्हणायलाही हरकत नाही. माझ्या मुलाला माझे दुसरे काही आठवत नाही, पण आईने चूक कबूल केली हे तो अजून सर्वांना सांगत असतो.

प्रत्यक्ष सुईच्या वेळी आडवे झोपवून हातपाय दाबून धरल्याने मूल अधिक घाबरते. मांडीवर बसवून, तिची छाती आपल्या छातीशी येईल असे मिठीत घ्या आणि जो दंड द्यायचा तो मोकळा ठेवा. गरम दुधावर फुंकर घालतो तशी लांब फुंकर घालायला आदल्या दिवशी शिकवून ठेवा. फुंकर चालू असताना दंड आपोआप सैल पडतो, आणि सैल दंडाला सुई कमी दुखते.

एका बाबतीत मात्र माझा अनुभव वेगळा आहे, तो सांगते. दोन्ही मुलांना एकाच दिवशी नेऊ नका. आम्ही नेले आणि रात्री दोघांनाही ताप आला. धाकटा माझ्याजवळ, थोरला त्याच्या बाबांजवळ, आणि घरातले थर्मामीटर एकच. तुमच्या मुलीच्या डोसला अजून काही महिन्यांची मुदत आहे, तर तिला पुढच्या बुधवारी न्यावे असे मला वाटते.

मेहुण्यांच्या ‘न दुखणाऱ्या’ लशीविषयीही एक वाक्य. सुई तेवढीच दुखते. फरक नंतरच्या तापात आणि सुजेत असतो, तो त्या लशीत कमी येतो, कारण डांग्या खोकल्याचा घटक वेगळ्या पद्धतीने तयार केलेला असतो. मात्र त्या घटकाचे संरक्षण तुलनेने लवकर ओसरते, असे आमच्या बालरोगतज्ज्ञांनी सांगितले होते. आम्ही दोन्ही मुलांना साधीच दिली.

रानजाई

पारिजात यांच्या सूचनेवर थोडे वेगळे मत नोंदवते. नोकरी करणाऱ्या घरात दोन बुधवार मोकळे मिळत असतील तर त्यांचे म्हणणे योग्यच आहे. मिळत नसतील तर एकाच दिवशी न्यावे, पण मोठीचा क्रमांक आधी लावावा. धाकट्याच्या तीन सुया आणि तीन आकांत पाहिल्यावर पाच वर्षांच्या मुलीने शांतपणे दंड पुढे करावा ही अपेक्षाच चुकीची आहे.

बालाघाट

मी बीड जिल्ह्यात शिक्षक आहे. कार्डाच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण आमच्याकडे हा प्रश्न दरवर्षी शेकडो घरांना पडतो.

कराडचे कार्ड पुण्यातच काय, देशात कोणत्याही शासकीय केंद्रावर चालते. लस मुलाला द्यायची असते, पत्त्याला नाही. आमच्या गावातली निम्मी कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात ती फेब्रुवारी-मार्चमध्ये, कधी त्याहूनही उशिरा परततात. एखादे बाळ दिवाळीपूर्वी गावात जन्मते, त्याचा पहिला डोस आमच्या उपकेंद्रात होतो, दुसरा कोल्हापूरकडच्या एखाद्या कारखान्याच्या तळावर व्हायला हवा आणि तिसऱ्याच्या वेळी टोळी कर्नाटकात गेलेली असते. संपूर्ण कुटुंब बरोबर असते, तरीही लसीकरण राहते, कारण पहाटे फडात जायचे असते आणि सत्र दुपारपर्यंत संपते. आमच्या आशाताई जाणाऱ्या प्रत्येक आईला माता-बाल संरक्षण कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी पेटीच्या तळाशी ठेवायला लावतात, कारण खोपीत सर्वांत आधी भिजतो तो कागद.

तुम्ही कार्डाचा फोटो पतीपत्नी दोघांच्याही मोबाइलमध्ये ठेवा. आता यू-विन या शासकीय प्रणालीवरही नोंद होते. कराडला आपला जो मोबाइल क्रमांक दिला असेल तो सांगितला की पुण्यात नोंद सापडू शकते. पत्नीने माहेरचा क्रमांक दिला असेल तर संदेश तिकडेच जात असतील, तेही एकदा पाहून घ्या.

आणखी एक. डोस उशिरा झाला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते असा समज आमच्याकडे खोल रुजलेला आहे आणि त्यापायी आया केंद्रावर यायलाच घाबरतात. तसे नसते. जिथे थांबले तिथून पुढे चालू करतात. सातव्या महिन्यात परतलेल्या एका मुलाचा चौदाव्या आठवड्याचा डोस मी स्वतः आईबरोबर जाऊन घेतला आहे, आणि बाई काय म्हणतील या धास्तीने ती माउली दारात वीस मिनिटे उभी होती. कोणी काही म्हणाले नाही.

जुना मुंबईकर

माझे वय अठ्ठ्याहत्तर आहे. तुमच्या मातोश्रींविषयी कोणी काही लिहिले नाही, म्हणून हा खटाटोप.

त्या साधारण साठ-पासष्टच्या असतील तर त्यांच्या हातावर देवीच्या लशीचे व्रण असतील. आमच्या लहानपणी देवी काढायला माणूस आला की चाळीत पळापळ होत असे. दातेरी फिरकीसारखे हत्यार हातावर टेकवून तो ते गोल फिरवी, पुढे तिथे फोड येत, खपली धरे आणि आयुष्यभराचा वण राही. मला एका आत्याबाईंनी कोळशाच्या खोलीत लपवले होते. त्या स्वतः देवीच्या रोगाने चेहरा खराब झालेल्या होत्या, तरीही लपवले. यात अडाणीपणा नव्हता, मायाच होती. तुमच्या आईचे ‘तीन सुया नकोत’ हे त्याच जातीचे आहे, तेव्हा त्यांना आकडे सांगून हरवू नका.

या शहराचा लशीशी संबंध जुना आहे. 14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली, ती भारतातली पहिली. त्या काळी बर्फाची पेटी नव्हती. तिच्या हातावर उठलेल्या फोडातला द्रव घेऊन तो पुढच्या मुलांना टोचला, असे एका हातावरून दुसऱ्या हातावर करत लस देशभर पोहोचली. म्हणजे तेव्हा मुलांनीच लस वाहून नेली. देशातला देवीचा शेवटचा रुग्ण 1975 च्या मे महिन्यात आढळला आणि त्यानंतर ही लस देणे हळूहळू बंद झाले. तुमच्या हातावर तो वण नसेल, तो का नाही, हे आईंनाच विचारून पाहा.

कृष्णाकाठचा

सर्वांचे आभार. बुधवार पार पडला, म्हणून कळवतो.

दोघांना एकाच दिवशी नेले, कारण पत्नीची रजा संपत आली आहे. पारिजात यांनी सांगितल्याप्रमाणे मंगळवारी संध्याकाळी मुलीला सर्व सांगितले आणि मागच्या वर्षीच्या खोट्याची माफीही मागितली. ती रडली, जेवली नाही आणि मग ‘किती आकडे मोजेपर्यंत?’ असे तीन वेळा विचारून घेतले.

आईला मी व्रणाविषयी विचारले तेव्हा तिने बाही वर करून दोन गोल वण दाखवले आणि टोचायला आलेल्या माणसाला तिच्या वडिलांनी काठी घेऊन कसे हाकलले आणि आठवड्याने स्वतःच बोलावून कसे आणले, ही मी कधीही न ऐकलेली हकिकत सांगितली. मुलीने आपल्याला असा वण येणार का असे विचारले. येणार नाही म्हटल्यावर ती फार हिरमुसली. मग आईनेच तिच्या डाव्या खांद्यावरचा बीसीजीचा बारीक वण शोधून काढला. तो जन्मापासून तिथे आहे आणि तिला माहीतच नव्हता. तीन सुयांना आईचा होकार मिळाला असे म्हणता येणार नाही, पण तिने बाळाची कुंची स्वतः आणून दिली आणि बरोबर आली. वडील घरी थांबले.

मोठीचा क्रमांक आधी लावला. पाचऐवजी आठ मोजावे लागले, कारण तिने फुंकर मध्येच थांबवली. धाकट्याने तीनही वेळा आकाशपाताळ एक केले आणि अंगावर घेताच पाच मिनिटांत झोपला. अर्धा तास बसलो. रात्री त्याला शंभरच्या थोडा वर ताप आला, सकाळी उतरला. मुलीला ताप आला नाही, फक्त दुसऱ्या दिवशी डाव्या हाताने दप्तर उचलणार नाही असे तिने जाहीर केले.

एक प्रश्न उरला आहे. पुढची तारीख नऊ महिन्यांची आहे आणि त्याच आठवड्यात घरात लग्न आहे. चार-पाच दिवस आधी लस घेतली तर चालेल का?

रानजाई

आधी घेऊ नये. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावरच देतात. आईकडून मिळालेली प्रतिकारद्रव्ये त्यापूर्वी बाळाच्या रक्तात अधिक असतात आणि ती लशीचा परिणाम कमी करतात. साथ असेल तेव्हा आधी एक जादा मात्रा देण्याचा निर्णय शासन घेते, तो वेगळा विषय. लग्न उरकल्यावर लगेच येणाऱ्या सत्राला न्यावे. त्याच दिवशी पीसीव्हीचा बूस्टर, जानेवारी 2023 पासून सुरू झालेली पोलिओची तिसरी अंशमात्रा आणि अ जीवनसत्त्वाचा पहिला डोसही असेल.

जाताना सकाळी लवकर जावे. गोवर-रुबेलाची कुपी एकदा मिसळली की चार तासांत संपवावी लागते, उरलेली टाकून द्यावी लागते. त्यामुळे सत्र संपता संपता एकट्या बाळासाठी नवी कुपी फोडायला काही ठिकाणी कुरकुर होते. तशी करू नये असा नियम आहे, पण आपण दहाच्या सुमारास पोहोचलात तर तो वादच उद्भवत नाही. आणि सुया या वेळीही तीनच असतील, हे मातोश्रींना आजच सांगून ठेवावे.